दोन निळ्यांत अडकलात तर

सातारला आमचं रंगाचं दुकान आहे. सासऱ्यांच्या काळात गोणीतला चुना, नीळ, गेरू आणि डिस्टेंपर एवढ्यावर ते चालायचं. आता टिंटिंग मशीनवर, म्हणजे हवी ती शेड मिसळून देणाऱ्या यंत्रावर, मी बसते. पिवळा घ्यायला आलेला माणूस पिवळा घेऊन जातो, पण निळा घ्यायला आलेला माणूस शेड कार्डावरच्या दोन चौकोनांवर दोन बोटं ठेवून उभा राहतो. "वहिनी, यातला कुठला घेऊ?" दोन्ही फिकट, दोन्ही निळे, शेड नंबरात एकाचाच फरक.

मी लगेच उत्तर देत नाही. आधी विचारते, खिडकी कुठल्या दिशेला आहे, फरशी कसली, दिवा पांढरा का पिवळा आणि त्या खोलीत तुम्ही बसता कधी. लोकांना वाटतं ही बाई वेळ काढतेय. पण दोन निळ्यांतला निवाडा कार्डावर होतच नाही. कार्ड फक्त एवढंच सांगतं की कुठला निळा कुणीकडे झुकलाय, आणि तेही नीट पाहिलं तर.

म्हणून पहिलं काम ते. नुसता निळा असा भिंतीचा रंग जवळपास नसतोच. फिकट निळा एकतर हिरव्याकडे झुकतो, नाहीतर जांभळ्याकडे, नाहीतर राखाडीत बुडतो. एकटा चौकोन पाहिला तर हे कळत नाही. पांढराशुभ्र कागद घ्या (काउंटरची काच नको, शर्टाची बाही तर नकोच) आणि दोन्ही चौकोन त्यावर शेजारीशेजारी ठेवा. दुकानाच्या ट्यूबखाली न पाहता दारात या, उन्हात नाही, सावलीत. तरी कळेना, तर दोन्ही पट्ट्यांच्या तळाशी जा. शेड कार्डाच्या एका पट्टीत वर फिकट आणि खाली गडद अशा शेड असतात, आणि फिकटात जे लपतं ते गडदात उघडं पडतं. वरचे दोन चौकोन जुळ्या भावांसारखे असतील, पण एकाच्या तळाशी मोरपंखी निघतो आणि दुसऱ्याच्या तळाशी जांभळट नेव्ही. मग वरच्या दोघांकडे पुन्हा पाहा. आता ते सारखे वाटत नाहीत.

आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकं कधी विचारत नाहीत, विचारायला हवी. शेड मशीनवर टाकली की स्क्रीनवर फॉर्म्युला येतो: बेस (डब्यातला मूळ रंग) कुठला आणि त्यात कुठला कलरंट (मिसळायचा दाट रंग) किती मिली. दुकानदाराला तो वाचून दाखवायला सांगा. एका शेडमध्ये निळा, थोडा काळा आणि नखभर ऑक्साइड पिवळा असेल. पिवळा आला म्हणजे हा हिरव्याकडे झुकणार. शेजारच्या शेडमध्ये निळा आणि काळा तेवढाच, पण पिवळ्याच्या जागी जांभळा असेल. काळा जास्त असेल तर राखाडी. चार लिटरच्या डब्यात हे थेंबाथेंबाचं प्रकरण असतं, पण भिंतीवर गेल्यावर त्या थेंबांचा हिशोब रोज दिसतो. कुणी दुकानदार वाचून दाखवायला कुरकुरला तर दुसऱ्या दुकानात जा, असं मी दुकानदार असून सांगते.

आता खोली. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, आकाशाचा उजेड येतो, आणि तो मुळातच निळसर असतो. त्या खोलीत राखाडी-निळा आणखी थंड दिसतो, पावसाळ्यात तर उदास. पश्चिमेच्या खोलीत दुपारी चारनंतर पिवळं ऊन आत शिरतं आणि तोच निळा मऊ होतो, हिरवट असेल तर सरळ हिरवा होतो. पूर्वेला सकाळी हेच, पण लोक त्या वेळी घाईत असतात, भिंतीकडे बघतो कोण. एक बारकावा आपल्याकडचा आहे. साताऱ्यावर मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, आणि तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत माथ्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत रंगकाम काढलं तर उत्तरेच्या खिडकीत थोडं ऊन दिसेल. त्यावर जाऊन शेड ठरवू नका, दिवाळीत ते ऊन नसतं.

आणि खिडकीबाहेर काय आहे ते पाहा. शाहूपुरीतलं एक जोडपं आलं होतं. जुना बंगला, उत्तरेची बेडरूम, खिडकीला लागून आंबा, खाली कोटा फरशी. दोघांनी घरूनच दोन शेड नक्की करून आणल्या होत्या, त्यातली एक जराशी हिरव्याकडची, एक जराशी जांभळ्याकडची. त्यांचं मन पहिलीवर होतं, कारण कार्डावर ती 'फ्रेश' दिसत होती. मी म्हटलं, आंब्याच्या पानांवरून येणारा उजेड हिरवा, कोट्याची फरशी हिरवट, त्यात हिरवट निळा लावला तर खोली शेवाळल्यासारखी दिसेल. त्यांचा विश्वास बसला नाही, बसूही नये. दोन्हीचे नमुने घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला: दिवसा पहिली खरंच हिरवी दिसत होती, आणि कार्डावर जांभळट वाटलेली दुसरी त्या खोलीत साधी, स्वच्छ निळी दिसत होती. जांभळ्याकडच्या झुकावाने बाहेरचं हिरवं खाऊन टाकलं होतं. पण फोनवरच त्यांनी पुढची अडचणही सांगितली. रात्री दिवा लावला की तीच भिंत मळकट, विटलेल्या जांभळ्या कपड्यासारखी होते.

तिथे दोष दिव्याचा होता. बल्बच्या खोक्यावर 3000के, 4000के किंवा 6500के असं लिहिलेलं असतं. के म्हणजे केल्विन, दिव्याचा उजेड पिवळा का पांढरा ते सांगणारं माप. 3000के म्हणजे पिवळा दिवा. त्यात निळा प्रकाशच कमी असतो, मग निळी भिंत परत फेकणार काय? जांभळट निळा त्याखाली राखाडी-जांभळा होतो, हिरवट निळा हिरवा होतो. 6500केच्या पांढऱ्या दिव्याखाली निळा खुलतो, पण माणसं फिकुटलेली दिसतात आणि जेवणाच्या टेबलावर तर तो दिवा मला बघवत नाही. निळ्या खोलीसाठी मी 4000के सुचवते. त्या जोडप्याने भिंत तीच ठेवली आणि बल्ब बदलला. भिंत रंगवायच्या खर्चापुढे दोन बल्ब म्हणजे काहीच नाही. खोक्यावर सीआरआयचा आकडा असतो, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप, तोही पाहा: 80 हा नेहमीचा, 90च्या वरचा मिळाला तर रंग जास्त खरे दिसतात.

तर नमुना. डब्यासाठी पैसे मोजण्याआधी त्या शेडचा लहान पॅक घ्या, मिळेल तेवढा लहान. पेंटर म्हणतील, "भिंतीवरच दोन पॅच मारतो की, बघा आणि सांगा." पेंटरमामांच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे, पण हे ऐकू नका. जुन्या पिवळ्या किंवा गुलाबी भिंतीवर मारलेला निळा पॅच कधीच खरा दिसत नाही, पिवळ्याच्या शेजारी निळा आहे त्याहून जास्त निळा वाटतो. ही गोष्ट जुनी आहे. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात विणकर तक्रार करायचे की काळा रंग फिका पडतो. तिथल्या रंगखात्याचे प्रमुख शेव्हरल हे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी तपासलं तर रंग चोख होता, शेजारचे निळे-जांभळे धागे त्याला फिका दाखवत होते. 1839 साली त्यांनी यावर अख्खं पुस्तक छापलं. आपल्या पॅचचंही तेच होतं.

त्याऐवजी पांढरा सनबोर्ड (हलका, ताठ प्लास्टिकचा बोर्ड) आणा, स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. दोन फूट बाय दीड फूट पुरे. ड्रॉइंग शीट ओली झाली की वळते, म्हणून ती नको. सनबोर्डवर पॉलिश पेपर हलका फिरवा, प्रायमरचा एक हात आणि रंगाचे दोन हात मारा, मधे डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या. ब्रश नको, छोटा रोलर घ्या, कारण भिंतीवरही रोलरच फिरणार आहे. कडेला दोन बोटं पांढरी सोडा, म्हणजे जुन्या भिंतीचा रंग मधे बोलत नाही. प्रत्येक शेडचे दोन बोर्ड करा, दोनच्या जागी चार होतील, पण का ते पुढे सांगते. बोर्डाच्या मागे शेड नंबर पेनाने लिहा. सगळे म्हणतात लक्षात राहील, कुणाच्या राहत नाही.

ओला रंग बघून मत देऊ नका. इमल्शन, म्हणजे आता भिंतीला लावतात तो डब्यातला रंग, ओलं असताना दुधाळ असतं, वाळलं की थोडं गडद होतं. चुना आणि डिस्टेंपरचं उलट, ते वाळल्यावर फिकट होतात. घरातल्या मोठ्या माणसांची नजर त्या जुन्या हिशोबाने तयार झालेली असते. "वाळल्यावर उतरेल गं," असं म्हणून ती एक पायरी गडद घ्यायला लावतात. इमल्शनला ते लागू नाही. एक रात्र जाऊ द्या, पावसाळ्यात दोन.

आता खरी गंमत. कार्डावर दोन निळे शेजारी ठेवून पाहिले ते झुकाव ओळखण्यासाठी. खोलीत मात्र एका वेळी एकच बोर्ड ठेवा. दोन्ही शेजारी ठेवले की डोळा फक्त फरक मोजत बसतो, आणि तुमच्या भिंतीवर तो फरक कधीच असणार नाही, कारण दुसरा निळा तिथे नसेल. म्हणून एक बोर्ड सकाळपासून रात्री झोपेपर्यंत खोलीत, दुसरा दाराबाहेर. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. बोर्ड खिडकीसमोरच्या भिंतीवर ठेवा, मग खिडकीच्याच भिंतीवर, जिथे सावली असते. या दोन जागी एकच शेड दोन रंगांची दिसेल, आणि कार्डावरच्या दोन शेडमध्ये जेवढा फरक होता त्याहून मोठा फरक इथे एकाच शेडमध्ये असेल. हे डोळ्यांनी पाहिलं की निम्म्या लोकांचा प्रश्न तिथेच सुटतो.

आणि ते दोन-दोन बोर्ड यासाठी: एकाच शेडचे दोन बोर्ड खोलीच्या कोपऱ्यात काटकोनात उभे करा. दोघांच्या मधे जिथे घडी पडते तिथे पाहा. तिथला निळा बोर्डापेक्षा गडद, जास्त निळा दिसेल. एका भिंतीवरचा निळा उजेड दुसऱ्या भिंतीवर पडतो आणि परत येतो. चारही भिंती रंगवल्या की ही घडी सगळ्या खोलीत होते. कार्डावर एवढा निळा नव्हता, ही तक्रार यामुळेच येते, आणि मोठ्या भिंतीवर रंग तसाही कार्डापेक्षा भडक दिसतोच. म्हणून चारही भिंतींना लावणार असाल तर दोघांतला जास्त मंद, जास्त राखाडी निळा घ्या. कार्डावर तो मेलेला वाटेल. वाटू दे. एकाच भिंतीला लावणार असाल तर उलट सांगेन, तिथे राखाडी निळा धूळ बसल्यासारखा दिसतो.

काही कंपन्या शेडसोबत एलआरव्ही देतात, म्हणजे भिंत किती उजेड परत फेकते त्याचा 0 ते 100 आकडा. काळ्याकडे 0, पांढऱ्याकडे 100. फिकट आकाशी साधारण साठ-सत्तरच्या घरात असतो, नेव्ही ब्लू दहाच्या आत. दोन निळ्यांत दोन-तीनचाच फरक असेल तर उजेडाच्या बाजूने ते सारखे धरा आणि फक्त झुकाव बघा. खोली अंधारी असेल आणि फरक सात-आठचा असेल, तर झुकाव विसरा, मोठा आकडा घ्या.

घरात एकमत होत नसेल तर आधी डोळ्यांची चौकशी करा, हे मी थट्टेने म्हणत नाही. लाल-हिरव्याचा रंगदोष पुरुषांत बायकांपेक्षा पुष्कळ जास्त असतो. तो असलेल्या माणसाला जांभळ्यातला लाल नीट दिसत नाही, त्यामुळे जांभळट निळा आणि निळा त्याला एकच. "दोन्ही सेमच आहेत, उगाच काय लावलंय," असं म्हणणारा नवरा खोटं बोलत नसेल. अशा वेळी ज्याला फरक दिसतो त्याने निवडावं, दुसऱ्याचं काही बिघडत नाही. वयाचंही तसंच. डोळ्यातलं भिंग वयाप्रमाणे पिवळट होत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. आजोबांना फिकट निळा पांढराच वाटतो, म्हणून ते गडद मागतात. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि तोच निळा त्यांना भगभगीत वाटायला लागतो. आमच्या सासूबाईंनी पट्टी काढल्यावर स्वयंपाकघराकडे बघून विचारलं होतं, "हे कधी रंगवलंत?" रंगवून कितीतरी वर्षं झाली होती. घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल आणि खोली त्यांची असेल, तर शेड ऑपरेशननंतर ठरवा.

सामानाबद्दल थोडक्यात. सागाचं कपाट किंवा तपकिरी-नारिंगी झाकेचा सनमायका असेल तर त्याच्या शेजारी कुठलाही निळा जास्त निळा दिसतो, तेव्हा फिकटाकडे जा. क्रीम व्हिट्रिफाइड टाइल्स असतील तर राखाडी निळ्याशी त्या पिवळ्या पडल्यासारख्या दिसतात, तिथे किंचित हिरवट निळा जमतो. काळा कडप्पा आणि शहाबादी दोघंही कुठल्याही निळ्याशी भांडत नाहीत. पडदे, चादरी यांचा विचार मी करत नाही, ते बदलता येतात.

मोबाइलवर फोटो काढून बहिणीला पाठवू नका. मोबाइल आपल्या मनाने पांढरं काय ते ठरवतो आणि निळ्याचा बळी देतो. बहीण सांगेल ते तिच्या स्क्रीनबद्दल असेल.

एवढं करूनही दोन शेडमध्ये फरक दिसत नसेल, तर फरक नाहीच असं समजा आणि मोकळे व्हा. तेव्हा मी सरळ फिकट शेड देते. कारण साधं आहे. गडद निळ्यावर हात लागल्याचे, खुर्ची घासल्याचे पांढुरके ओरखडे उठून दिसतात, टचअप केलं तर ठिगळ दिसतं. मॅट घ्यायचा का चमक असलेला, हेही इथेच ठरवा, कारण तोच शेड नंबर चमकदार फिनिशमध्ये जास्त गडद दिसतो आणि पुट्टीचे उंचसखल भाग चुगली करतात. नमुना ज्या फिनिशचा पाहिला त्याच फिनिशचा डबा घ्या. एका कंपनीची शेड दुसऱ्या कंपनीच्या स्वस्त बेसमध्ये 'मॅच' करून मागणारे रोज येतात. मशीन मॅच करतं, दुकानात ती बरोबर दिसते, पण कलरंट वेगळे असल्याने घरच्या दिव्याखाली मूळ शेड आणि मॅच केलेली वेगवेगळ्या दिसतात. निळ्या-राखाडीत हे हमखास होतं. पांढऱ्यासाठी हवी तर काटकसर करा, निळ्यासाठी नको.

डबे सगळे एकदम घ्या, एकाच दिवशी टिंट केलेले. भिंतीला लावण्याआधी पेंटरला सगळे डबे एका मोठ्या बादलीत ओतून एकजीव करायला लावा. दोन डब्यांतला थेंबाचा फरक भिंतीच्या मधोमध उभ्या रेघेसारखा दिसू शकतो. टिंट केलेला रंग दुकान परत घेत नाही, आम्हीही घेत नाही, तेव्हा मोजमाप आधी नीट करा. काम झाल्यावर उरलेला अर्धा लिटर छोट्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवा, आणि झाकणावरच्या स्टिकरचा फोटो काढा. वर एका कागदावर कंपनी, फिनिश, शेड नंबर, बेस आणि तारीख लिहून तो कागद मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवा. पाच वर्षांनी कुणीतरी "तोच निळा द्या" म्हणत भिंतीचा खरवडलेला पोपडा कागदात बांधून आणतो, आणि मग आम्हा दोघांचाही दिवस जातो.